माणसाला कर, धुराला माफी

लाँड्रीत इस्पितळाच्या चादरींचा ढीग त्या सकाळीही छातीपर्यंत आला होता. थोरली जाऊ इस्त्रीच्या रुळात चादर सारत होती, धाकटी पलीकडून ओढून घडी घालत होती. हातांपेक्षा तोंडं जोरात चालली होती.

“जाऊबाई, तुमच्या दिराला साध्या रुमालाची घडी जमत नाही.”

“जेवणावर ताव मारायला जमतं ना? मग झालं!”

तेवढ्यात मुकादम धावत आला. “तपासणीचे साहेब आलेत! नाव नसलेल्या मागं व्हा.”

हजेरीपटावर नाव चढलं की त्या माणसापोटी मालकाला सरकारात कर भरावा लागे. कोळसा मात्र कितीही जाळा, कुणी हटकत नसे. म्हणून मालक जुनाट बॉयलर धडधडत ठेवी आणि माणसं लपवी. निम्म्याअधिक बायका राबायला हजर, कागदावर गैरहजर.

दोघी बॉयलरमागच्या कोळशाच्या खोलीत शिरल्या. धाकटी आत सरकली, थोरली दाराशी राहिली. आणि वाफेचा नळ फुटला.

थोरलीचा हात भाजला. धाकटीला उचलेपर्यंत ती गेलेली होती.

मालकानं थोरलीला बाजूला ओढलं. “ती डबा द्यायला आली होती म्हणून सांग. तुझं नाव उद्याच चढवतो.”

थोरली साहेबांसमोर उभी राहिली. “डबा द्यायला नव्हती आली ती. आम्ही इथं रोज राबतो. तुम्ही आलात की आम्हाला तिकडं कोंबतात.”

मालक उसळला. “माणूस ठेवला तर कर, धूर सोडला तर माफी! मी एकटाच असं करतो का?”

“नाही ना,” ती म्हणाली. “म्हणूनच सांगतेय.”

तिचं काम गेलं. दीर म्हणाला, “वहिनी, बोलून ती परत येणार आहे का?” तरी ती लाँड्री-लाँड्रीत फिरली, लपवलेल्या बायकांना घेऊन कायदा करणाऱ्यांच्या दारात बसली. पुढं बऱ्याच काळानं माणसांवरचा कर उठला आणि कोळशावर बसला. मालकानं जुना बॉयलर भंगारात काढला. कोळसा वाहणारे दोघे घरी बसले, त्यांच्यासाठीही तिलाच भांडावं लागलं. पण बायका लपवण्यात आता फायदा उरला नव्हता. थोरलीसकट सगळ्यांना हजेरीपटावर नाव चढवायला पुढच्या दारानं बोलावणं आलं.

कारकुनानं थोरलीला नाव विचारलं. तिनं आधी जावेचं सांगितलं.

“बाई, गेलेल्या माणसाचं नाव चढवता येत नाही.”

“मग ती इथं कामाला होती, हे कुठं लिहिणार?”

कारकुनानं हजेरीपटाची पानं मागंपुढं चाळली. मागच्या बायकांची रांग पुढं सरकेना.