दोन्ही देश मित्र

१९८७च्या श्रावणात इराणच्या आखातात एका तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं. पूर्णगडचा गंगाराम तेव्हा इंजिनरूममध्ये होता. त्याचं काहीच हाती लागलं नाही. थोरला भाऊ हरिश्चंद्र त्याच जहाजाच्या डेकवर होता म्हणून वाचला आणि भाजलेले हात घेऊन गावी आला.

सात वर्षं इराण आणि इराक लढत होते आणि एकमेकांचा तेलाचा धंदा बुडवायला परक्यांची जहाजं फोडत होते. बड्या देशांच्या युद्धनौका आपला झेंडा लावलेल्या जहाजांबरोबर चालत. या दोघा भावांच्या जहाजावर पनामाचा झेंडा होता, त्यामुळे बरोबर कुणी नव्हतं.

गंगारामची बायको कमळा दिराला एवढंच विचारत राही, "भावोजी, मारलं कुणी?"

"धुरात काय दिसणार? दोघांपैकी कुणीतरी."

गणपती झाल्यावर दिल्लीतल्या एका पुढाऱ्यांनी रत्नागिरीत शोकसभा ठेवली. परराष्ट्र धोरणातले जाणकार म्हणून त्यांचं नाव होतं. स्टेजवर गंगारामचा फोटो मांडला होता. साहेब महासत्तांवर बोलले, अलिप्ततेवर बोलले, जागतिक शांततेवर तर बराच वेळ बोलले. गंगारामचं नाव त्यांनी एकदा घेतलं, तेही चुकीचं. मग फोटोला हार घालायला कमळेला वर बोलावलं.

हार घालून ती तिथेच उभी राहिली. "साहेब, माझ्या माणसाला कुणी मारलं?"

साहेबांनी माइकवर हात ठेवला. "ताई, दोन्ही देश आपले मित्र आहेत. एकाचं नाव घेतलं की संबंध बिघडतात."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक हाय."

"अशा गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात."

कमळेने हार काढून साहेबांच्या पुढ्यात टाकला आणि फोटो काखेत मारला. "मग माझा माणूस तुमच्या भाषणाला नको," म्हणत ती पायऱ्या उतरली. कुणीतरी तिला अडवायला पुढे आलं, त्याला हरिश्चंद्रने बाजूला सारलं.

दिवाळीनंतर खलाशी भरती करणाऱ्या मुंबईच्या एजंटाचा माणूस आला. जहाज पुन्हा आखातातलंच होतं. हरिश्चंद्र बॅग भरायला लागला.

"जाताय?" कमळेने दारातून विचारलं.

"मला दुसरं काय येतं?"

"जा. तुम्हाला मारलं तर मी आता कुणाच्या तोंडाला लागू, तेवढं सांगून जा."

तो चिडला. बॅग भिंतीवर आपटून बाहेर गेला, पण त्या जहाजावर चढला नाही. मिरकरवाडा बंदरात दुसऱ्याच्या मासेमारीच्या ट्रॉलरवर जायला लागला. कितीतरी महिने दोघं एकमेकांशी धड बोलली नाहीत.

पुढच्या ऑगस्टात लढाई थांबली. बातमी सांगायला तो वाटेतूनच तिच्या अंगणात आला. कमळा तांदूळ निवडत होती.

"जिंकलं कोण?"

"कुणीच नाय. आधी जिथे होते तिथेच परत गेले."

कमळेने तांदळाचं सूप उचललं आणि अंगणात भिरकावलं.

हरिश्चंद्र पुढे आला. खाली बसून तो मातीतला तांदूळ वेचून परत सुपात टाकायला लागला.

"राहू द्या तो," कमळा म्हणाली. "हात नका लावू."