सतरा नंबरची काचपट्टी

मित्रांनो, तुमच्या बोटाएवढी लांब, पाण्यासारखी पारदर्शक आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेली अशी मी एक जुनी काचपट्टी आहे. सोलापुरातल्या एका कामगार विमा दवाखान्यात, मलमपट्टीच्या खोलीतल्या लाकडी कपाटाच्या खालच्या खणात मी राहते. काच कोरण्याच्या पेन्सिलीने माझ्या अंगावर १७ हा आकडा कोरलेला आहे. माझे नाव म्हणाल तर तेवढेच.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेल्या काचेचा तक्ता झाला, तक्त्याच्या पट्ट्या कापल्या, पट्ट्यांच्या कडा घासल्या आणि आम्हा पन्नास बहिणींना एका डबीत उभे करून रेल्वेने इकडे पाठवले. डबीतल्या अंधारात आम्ही एकच गोष्ट बोलत असू. काचपट्टीच्या आयुष्यात एकच क्षण मोलाचा असतो. कुणीतरी तिला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते, डोळा लावते आणि तिच्या पाठीवर काय लिहिले आहे ते वाचते. त्यानंतर ती फुटली तरी चालते.

माझ्या पुष्कळ बहिणी हिवतापाच्या रक्तासाठी कामी आल्या. मी मागे राहिले. मग १९७३ साली दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई बदलून आल्या. बाईच्या पोटात ज्या पिशवीत बाळ वाढते, त्या पिशवीच्या तोंडाशी कधी कधी कर्करोग होतो, हे तुम्हाला पुढे शाळेत शिकवतील. तो आधी काही वर्षे गुपचूप बसून असतो. दुखत नाही, खुपत नाही. त्या वेळी तिथला थोडा ओलावा लाकडी काडीने काचेवर घेऊन पाहिला तर तो सापडतो, आणि लहानशा शस्त्रक्रियेने जातो. डॉक्टरीणबाई हे शिकून आल्या होत्या. पहिल्या पाळीचा भोंगा झाला, की मिलमधल्या बायका खोकल्याच्या औषधासाठी रांगेत उभ्या राहत. त्यांना त्या एकेक करून आत बोलवू लागल्या.

त्या रांगेत गोजरबाई होती. मूळची सांगोल्याकडची, मिलच्या रीळ खात्यात कामाला, चाळिशीच्या आतली. हातात बाटली घेऊन ती दारातच थांबली.

"डॉक्टरीणबाई, मला तर कायबी झालेलं न्हाय. खोकला मालकांना हाय."

"म्हणूनच तर बोलावलं. झाल्यावर सगळ्याच येतात."

रांगेत मागे उभी असलेली तिची मैत्रीण तानाबाई म्हणाली, "गोजरे, आजारी नसताना दवाखान्यात शिरलीस. उद्या मेली नसताना तिरडीवर चढशील."

"चढंन की. तू तेवढा खांदा दे."

सगळी रांग हसली. हसत हसतच ती आत आली. काशम्मा सिस्टरने मला डबीतून काढले, आकडा कोरला आणि पुसून पुढे केले. दोन मिनिटांत माझ्या पाठीवर एक फिकट, धुरकट रेघ ओढली गेली. मग मला स्पिरिटमध्ये बुडवले, वाळवले. मित्रांनो, मी काच आहे. माझ्यावर काय आहे ते मला वाचता येत नाही, पण ते जपून ठेवता येते.

त्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नव्हता. पट्ट्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायच्या, तर विम्याचा एक छापील कागद सोबत लागे. तो लिहिणारे कारकून सिद्रामप्पा गोजरबाईच्याच गल्लीत राहत. त्यांच्यापुढे बावीस कागद होते. एकीची कंबर दुखत होती, एकीला अंगावर पांढरे जात होते. बायकांना काही ना काही असतेच. माझ्या कागदाशी येऊन त्यांची लेखणी थांबली.

"बाई, हितं तक्रार काय लिहू?"

"तक्रार नाही."

"मग रोग कुठला?"

"तोच तर शोधायचा आहे, अप्पा."

"ते मला कळतंय हो. वरच्यांना कळायला पाहिजे. विमा आजारी माणसाचा. धडधाकट माणसाचा कागद वर गेला, की तसाच परत येतो बघा." ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "असं करू. अंगावरून जातंय म्हणून टाकू का? एका शब्दानं काम होतंय."

पुढच्या मंगळवारी काशम्माने गोजरबाईला बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात तेच विचारले. गोजरबाईचा चेहरा उतरला.

"मला न्हाय जात. नसलेलं दुखणं कशाला ल्हायचं? आन् ल्हिणार कोण, तर शिद्रामप्पा. त्यांची बायको नळावर बोलली, की झालं. आमच्या वच्छीला बघायला यायलेत सिस्टर, कुंभारीचं स्थळ हाय. आईला असलं काय हाय म्हटल्यावर कोण करंल पोरगी?"

"मग स्वतः मोठ्या इस्पितळात जाऊन ये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी चिठ्ठी देते. एक दिवस मोडेल तुझा."

"जाईन की. वच्छीचं लगीन झालं, की पयलं त्येच."

चिठ्ठी तिने चोळीत ठेवली. डॉक्टरीणबाईंनी माझा कागद रकाना रिकामा ठेवून पाठवला. दोन महिन्यांनी आमचे पार्सल परत आले. एकवीस पट्ट्या वाचल्या गेल्या होत्या. नवव्या नंबरच्या बाईत कर्करोगाची सुरुवात सापडली. तिची शस्त्रक्रिया झाली आणि महिन्याने ती पुन्हा कामावर लागली. माझ्या कागदावर लाल शाईत ओळ होती: 'तक्रार नमूद नाही. निरोगी व्यक्तीच्या तपासणीची तरतूद नाही.' मी जशी गेले तशी आले.

डॉक्टरीणबाईंनी वर दोन पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले नाही. दुसऱ्याचे आले, विषय विचाराधीन आहे म्हणून. तोवर त्यांचीच बदली झाली. जाताना त्या काशम्माला म्हणाल्या, "हिला टाकू नका." काशम्माने मला कागदात गुंडाळून खालच्या खणात ठेवले.

मित्रांनो, फुटणे वाईट असते असे तुम्हाला वाटत असेल. पण ठेवून दिले जाणे काय असते, ते मी चार वर्षे पाहिले. गोजरबाई अधूनमधून यायची. कधी तिला ताप असे, कधी नवऱ्याचे औषध हवे असे. माझ्यापासून दोन हातांवर ती उभी राही. तिचा आवाज मला ऐकू येई. वच्छलाचे लग्न ठरले, ते तिने इथेच सांगितले. लग्न झाले. मग बाळंतपणाला माहेरी आणायचे होते, मग जावयाचे आजारपण निघाले. चिठ्ठीचे नाव तिने काढले नाही. एकदा ती म्हणाली, "कंबर लई धरती सिस्टर आताशा." तिला गोळ्या मिळाल्या. माझ्या पाठीवर तिचे उत्तर लिहिलेले असेल नाहीतर नसेल, पण ते पाहायला हवे होते, आणि मला कपाटाचा दरवाजा आतून वाजवता येत नव्हता.

१९७७ च्या उन्हाळ्यात ती आली ती भिंत धरून. आता तिला खरोखरच अंगावरून जात होते. सिद्रामप्पांनी रकाना भरला. मान वर न करता भरला. मग सगळे झाले. तपासणी मंजूर झाली, मुंबईचा प्रवास मंजूर झाला, खाट मिळाली, किरणांचे उपचार मिळाले. कुठल्याच कागदावर लाल ओळ आली नाही.

तेव्हाच काशम्माला माझी आठवण झाली. नव्या डॉक्टरांना विचारून ती स्वतः मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. मला रंगात बुडवले, धुतले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. ज्या क्षणाच्या गोष्टी आम्ही डबीत करत होतो तो क्षण आला. वर एक डोळा आला आणि बराच वेळ हलला नाही.

"ही कधीची?" त्या माणसाने विचारले.

"चार वर्षांपूर्वीची."

"तेव्हा अगदी सुरुवात होती." एवढे बोलून त्याने दिवा बंद केला.

काशम्माने मला परत खणात आणून ठेवले. मुंबईहून परतल्यावर गोजरबाई एकदाच दवाखान्यात आली. बाकावर बसवली तरी कलंडत होती. तिने विचारले, "सिस्टर, तवा काचंवर घेतलं हुतं बघा. त्याचं काय झालं?"

काशम्मा कापूस फाडत राहिली. "ती होय? धुवून टाकली ग."

"बरं केलंसा. उगा पडून राहिली असती."

दिवाळीनंतर ती गेली. तानाबाई खांद्याला लागणार म्हणून हटून बसली होती, असे पुढे रांगेत कुणीतरी सांगत होते. बायका खांदा देत नाहीत म्हणून तिला मागे ओढले.

तेराव्यानंतर वच्छला उरलेली औषधे परत द्यायला आली. काखेत पोर होते. काशम्माने तिला बसवले आणि या वेळी सगळे खरे सांगितले. वच्छला रडली नाही. पोराचे टोपडे नीट करत ती म्हणाली, "मावशी, मग मलाबी बघा की."

"कार्ड आहे का तुझ्या मालकाचं?"

"न्हाय. ते शेती करत्यात."

मिलचे कार्ड नाही, म्हणजे हा दवाखानाच तिचा नव्हता. थोड्या वेळाने वच्छलाने मला पाहायला मागितले. तिने दोन बोटांत धरून मला खिडकीसमोर नेले. एक डोळा मिटून पाहिले. माझ्यातून तिला अंगणातला नळ दिसला, औषधाच्या बाटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका दिसल्या.

"ह्यात तर कायबी दिसत न्हाय," ती म्हणाली आणि मला हलकेच टेबलावर ठेवले. माझा कोपरा तेव्हा उडाला. कुणाच्या लक्षात आले नाही.

मित्रांनो, मी कुणावर रागावलेली नाही. रागावून काच काय करणार? पण तुमच्यापैकी कुणी मोठेपणी नियम लिहील, कुणी अर्ज छापील, कुणी नुसता शिक्का मारील. तेव्हा ज्याला काही होत नाही अशा माणसासाठीही कागदावर एक ओळ ठेवा. आणि घरातल्या बायांना त्यांची कामे उरकेपर्यंत थांबू देऊ नका. त्यांची कामे उरकत नाहीत.

माझ्या खणात अजून बारा कोऱ्या पट्ट्या आहेत. स्वच्छ आहेत, वापरता येतील. दवाखाना सकाळी आठला उघडतो.