फोटोवालीचं कार्ड

वन्संनी मशिनच्या खोलीचं जड दार खांद्याने ढकललं, स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि कोणाकडेही न बघता पडद्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची त्यांची होती. बाकी काय काय हातातून गेलं असलं, तरी खुर्ची अजून होती.

"हं, वाच."

धाकटी कागद घेऊन कपाटांच्या रांगेपाशी उभी होती. साहेब दाराजवळच्या स्टुलावर मोबाईल चाळत बसले होते. त्या खोलीत त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते इतके गंभीर दिसत होते.

हॉस्पिटलभर वन्संना वन्संच म्हणत. धाकटी त्यांच्या पाठच्या भावाची बायको. कामावरच्या पहिल्याच दिवशी तिने भर ऑफिसात "वन्सं, प्यायचं पाणी कुठंय?" असं विचारलं, आणि त्या दिवसापासून साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची मिळून एकच नणंद झाली. वन्संना वरवर राग आला होता. आतून गंमत वाटली होती. त्या वेळी दोघींचं चांगलं चाललं होतं. वन्संनीच तिला इथे चिकटवलं, तारा ओळखायला शिकवलं, कुठल्या दिव्याला घाबरायचं आणि कुठल्या नाही ते दाखवलं. आणि एके दिवशी मीटिंगमध्ये वन्सं पाण्याचा ग्लास तोंडाला लावत होत्या, तेवढ्यात साहेब म्हणाले, झोनिंगचा नवा आराखडा धाकटी करेल. पाणी त्या प्यायल्या. पण त्यानंतर घरी त्या धाकटीशी भावामार्फत बोलू लागल्या. तिला सांग, दूध उतू जातंय. दूध धाकटीच्या डोळ्यांसमोर उतू जात असायचं.

काम म्हटलं तर साधं होतं. हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर आपला माल एकाच मोठ्या डिस्कच्या कपाटात ठेवत. मध्ये बसलेला स्विच ठरवायचा, कोणाला काय दिसावं ते. जुन्या काळी कोणीतरी सगळ्यांना एकाच झोनमध्ये कोंबलं होतं, लग्नघरी पाहुण्यांना एका हॉलमध्ये झोपवतात तसं. एक खोकला की सगळे जागे. शिवाय तो जुना स्विच फक्त भोक बघायचा. त्या भोकात तार कोणाची, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. नव्या आराखड्यात प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र झोन: तो आणि डिस्कचं कपाट, बाकी कोणी नाही. आणि ओळख भोकावरून नव्हे, नावावरून. प्रत्येक सर्व्हरच्या आत जे कार्ड असतं, त्याला कारखान्यातूनच एक लांबलचक नाव मिळतं, आकडे आणि अक्षरं मिळून. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की स्विच दार उघडत नाही.

म्हणून या खोलीत एक रीत होती. वन्संनीच घातलेली. नवा झोन चालू करण्याआधी एकीने आराखड्यातलं नाव मोठ्याने वाचायचं, दुसरीने मशिनने सांगितलेलं खरं नाव पडद्यावर बघून "आहे" किंवा "नाही" म्हणायचं.

"आज एकही 'नाही' नको," साहेब मान वर न करता म्हणाले. "मुलांचा वॉर्ड सुरू व्हायचाय. गोंधळ झाला तर मी सरळ बाहेरच्या कंपनीला देतो हे काम. आणि मग तू परत तक्रारींच्या फोनवर, काय?"

"हो, साहेब," धाकटी म्हणाली.

वन्संनी पडद्यावरची यादी खाली सरकवली. मधोमध फोटोवाली होती. एक्स-रेचे सगळे फोटो सांभाळते म्हणून तिचं नाव फोटोवाली. गेल्या आठवड्यात तिचं कार्ड बिघडलं. धाकटी रजेवर होती, वन्संनी एकटीने नवं घातलं. जुना स्विच भोक बघणारा, त्याला काही कळलं नाही. पण कार्ड बदललं म्हणजे नाव बदललं. हे धाकटीला सांगायला हवं होतं. तिने विचारलं असतं तर सांगितलंही असतं. तिने विचारलं नाही.

फोटो बंद पडू द्यायचे, असलं काही वन्संच्या मनात नव्हतं. त्या काही राक्षसीण नव्हत्या. त्यांना फक्त साहेबांसमोर एकदा "नाही" म्हणायचं होतं. सावकाश, चष्म्यावरून बघत.

धाकटीने पहिलं नाव वाचायला घेतलं. अक्षरांखाली बोट धरून, चार अक्षरं झाली की थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढची चार.

"आहे," वन्सं म्हणाल्या.

दुसरं नाव. परत चार अक्षरं, श्वास. 'ब' आणि 'ड' इंग्रजीत सारखेच ऐकू येतात, म्हणून 'बदकातला ब', 'डबीतला ड'. हे बदक आणि ही डबी या खोलीत वन्संनीच आणली होती. धाकटी ते अगदी त्यांच्याच सुरात म्हणत होती, शेवटी थोडं उचलून, जणू समोरचा जरा मठ्ठच आहे. वन्संना पहिल्यांदाच कळलं, आपण बोलतो तेव्हा कसं ऐकू येतं ते. फारसं गोड नव्हतं.

"आहे."

प्रत्येक "आहे"नंतर धाकटी वर बघायची. साहेबांकडे नाही. वन्संकडे. आणि मान किंचित हलवून पुढच्या ओळीवर यायची. इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतरही तिची नजर अजून तशीच यायची, शिकताना यायची तशी.

"आहे," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा हात माऊसवरून उठला.

"पुढची फोटोवाली," धाकटी म्हणाली. बोट कागदावर टेकलं.

"थांब गं."

साहेबांनी मोबाईल खाली केला.

"वाचायच्या आधी सांगते," वन्सं म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा आला. "तिचं कार्ड मी बदललंय. तू रजेवर होतीस तेव्हा. तुला सांगितलं नाही. नाव आता वेगळं असेल. चूक माझी, तिची नव्हे. ऐकलंत ना, साहेब?"

साहेब दोघींकडे आळीपाळीने बघू लागले. "वन्सं, तुमच्याकडून असं?"

"माझ्याकडून. तोंडात काय बोट घालताय? घडतं."

धाकटीने खिशातलं पेन काढलं आणि कागदावर एक बारीकशी खूण केली.

"बरं झालं सांगितलंत, वन्सं. नवं नाव सांगा."

वन्संनी पडद्यावरचं नाव वाचून दाखवलं, चार-चार अक्षरं करत. धाकटी मान डोलावत गेली. उरलेल्या सगळ्यांना "आहे" मिळालं. साहेबांनी घड्याळ बघितलं, चहा सांगून येतो म्हणाले आणि खोलीतल्या थंडीतून सुटले.

"आता चालू करू?" धाकटीने खुर्चीमागून वाकून विचारलं.

"आधी फोटोवालीचं नाव दुरुस्त कर. कागदावर खरडलं म्हणून स्विचला कळत नाही."

"केलंय."

"कधी केलंस? मघापासून इथेच तर उभी आहेस."

वन्संनी स्वतःच आराखडा उघडला. फोटोवालीच्या झोनमध्ये नवं नाव होतं, एकूण एक अक्षर बरोबर. शेजारी बदलाची तारीख. कालची.

वन्संनी खुर्ची मागे वळवली.

"तुला माहीत होतं."

"जुनं कार्ड भंगाराच्या खोक्यात दिसलं. मग मशिनलाच विचारलं."

"आणि मी साहेबांसमोर माती खात होते, तेव्हा तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"तुम्ही बोलत होतात," धाकटी म्हणाली. "किती दिवसांनी. मध्ये कशी बोलू?"

वन्संनी नाक ओढलं, म्हणाल्या थंडी फार आहे इथे, आणि खुर्ची बाजूला सरकवून धाकटीला कीबोर्डपाशी जागा करून दिली.

धाकटीने बटण दाबलं. एकेक सर्व्हर आपापल्या दारातून आत गेला, कोणी कोणाला धक्का न लावता. फोटोवाली सर्वांत शेवटी. एक्स-रे विभागातून तक्रार येते का, म्हणून दोघी टेबलावरच्या फोनकडे बराच वेळ बघत राहिल्या. तो वाजला नाही.

साहेब चहावाल्याला पुढे घालून परत आले. "काय वन्सं, झालं? नीट समजावून सांगा बघू मला, वर सांगायचंय."

"मला काय विचारता?" वन्सं म्हणाल्या. "जिचा आराखडा आहे तिला विचारा."

धाकटी बिचकली, मग पहिल्या कपाटाकडे बोट दाखवून सांगू लागली. मशिनच्या पंख्यांच्या घरघरीत तिचा आवाज विरत होता. वन्संनी चहाचा कप उचलला, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि ऐकू लागल्या.