माझ्या पात्याखालचा ससा

मी नीलाचा रेझर बोलतोय. पितळेचा, वरून चकचकीत मुलामा दिलेला. आम्हा रेझरांचं काम पाच-दहा मिनिटांचं, उरलेला दिवस कोनाड्यात पडून राहायचं. पण मला स्वस्थ पडवत नाही. एकदा सगळं सांगून टाकलं तर कदाचित पडवेल.

१९८१ साली जालना वेगळा जिल्हा झाला आणि वामनरावांना रोज दाढी करणं भाग पडलं. ते पाटबंधारे खात्यात कारकून. तोवर न्हावी आठवड्यातून दोनदा घरी यायचा, तेवढ्यावर भागायचं. आता ऑफिसात रोज कोणी ना कोणी मोठा साहेब. म्हणून त्यांनी मला बाजारातून आणलं.

सहा वर्षं मी एकाच माणसाच्या गालावर फिरलो. मग ब्लेड लवकर बोथट व्हायला लागली. वामनराव दुकानदाराला सुनवायचे, "तुमचा माल बिलकुल खराब झालाय." खरं कारण मला ठाऊक होतं आणि त्यांच्या बायकोला, रमाबाईंनाही. त्यांची मुलगी नीला नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. तिच्या हातापायांवर दाट लव होती. बसमध्ये वरची दांडी धरली तेव्हा मागून कोणीतरी हसलं होतं. दुपारी घर जरा निवांत झालं की ती मला न्हाणीत न्यायची. घाईघाईने, साबण न लावता. कापून घ्यायची, रक्त धुवायची, मला पुसून होतो तसा ठेवायची.

एके दिवशी वामनराव अर्धी रजा टाकून लवकर आले. न्हाणीचं दार अर्धवट उघडं, आणि नीलाच्या हातात मी. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी नवा रेझर आणला आणि मला तिच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हा तू वापर. आणि साबण लावत जा. कोरडं करू नये."

तेव्हापासून मी नीलाचा.

१९९३ मध्ये वामनराव निवृत्त झाले. त्याच वर्षी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या नीलाला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली. तिथे केस काढायचं मलम बनायचं. तिचं काम तपासणी विभागात. मलमाची नळी तिला फुकट मिळायची, त्यामुळे माझी गरज संपली. मलम सरलं तर असावा म्हणून मी पर्सच्या तळाशी पडून असायचो.

तपासणी विभागात सहा पांढरे ससे होते. त्यांच्या पाठीवरचा एक चौकोन विजेच्या मशीनने भादरायचा, त्यावर मलम लावायचं, आणि ठरलेल्या वेळेनंतर कातडी किती लाल झाली ते वहीत लिहायचं. सशांचं खाणंपिणं बघायला केदारखेड्याच्या झुंबरबाई होत्या. त्या प्रत्येकाला कोबीचं पान हाताने भरवायच्या. नीला त्यांच्याइतकं सशांकडे बघायची नाही. ती वहीकडे बघायची.

एका बुधवारी मशीन बंद पडलं. विभागाचे गिरिधर साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "चारच्या आत अहवाल पाठवायचाय." आणि नीलाने, कोणी काही विचारलं नसताना, पर्स उघडून मला बाहेर काढलं.

हे मला विसरता येत नाही. तिला कोणी जबरदस्ती केली नव्हती. नवी नोकरी, साहेबांसमोर काम अडू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

सशाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. मी गालावर फिरलो होतो, पोटऱ्यांवर फिरलो होतो, पण माझ्या दांडीतून असं काळीज कधी धडधडलं नव्हतं. तो ओरडला नाही. हललाही नाही. माणसाला कापलं तर माणूस हात मागे घेतो. याच्या मागे पिंजरा होता.

मग त्या चौकोनावर मलम लावलं. नवं, तेज मिश्रण, तासभर ठेवायचं होतं. पंधरा-वीस मिनिटांत कातडी लालभडक झाली आणि कडेने सुटायला लागली. मी शेजारच्या ट्रेमध्ये होतो. माझ्या दातांत अजून पांढरे केस अडकलेले.

झुंबरबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. "ताई, हे मलम तुमी सोता लावता का?"

"लावते की."

"मंग आग व्हायला लागली तर काय करता?"

"धुऊन टाकते."

"तुमी धुता बराबर. हे आता आग सोसून राह्यलं, याला कोन धुनार?"

नीलाने सशाला उचललं, नळाखाली धरलं आणि त्याची पाठ धुतली. वहीत लिहिलं, वेळेआधी धुतलं. खाली सही केली.

गिरिधर साहेब तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाजही चढवला नाही. "नीलाताई, आज सशाला आग होते म्हणूनच उद्या बाईला होत नाही. न तपासता विकायचं का आपण?"

तो प्रश्न डोक्यात घेऊन ती संध्याकाळभर घरात येरझारा घालत राहिली. सकाळी तिने राजीनामा दिला.

"सशापायी नोकरी सोडतं का कोणी?" वामनरावांनी विचारलं.

"मला ते जमणार नाही, अण्णा."

त्यांनी घरखर्चाची वही काढून आकडे मांडले. पेन्शनवर घर चालणार होतं, पण ओढूनताणून. आणि नीला मला हात लावेना. तिने मलमाची नळी फेकून दिली आणि मला खणात ढकललं. उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचे ब्लाउज घालायची. मी तिथे अंधारात पडून होतो. तिने सगळा दोष माझ्यावर टाकलाय की स्वतःवर घेतलाय, तेच मला समजत नव्हतं.

मग तिने पत्रं लिहायला सुरुवात केली. मलम, साबण, दाढीचं क्रीम बनवणाऱ्या नऊ कंपन्यांना एकच प्रश्न: तुमचा माल प्राण्यांवर तपासता का? तीन कंपन्यांची उत्तरं आली. एकीने लिहिलं, तयार मालाची आम्ही अशी चाचणी करत नाही. नीलाने ते दोनदा वाचलं. कारखान्यात काम केल्यामुळे तिला त्यातली मेख कळत होती. तिने उलट विचारलं, आणि तयार मालात जे घालता ते? त्याचं उत्तर आलं नाही.

पत्रांची वाट बघून कंटाळली तेव्हा ती स्वयंपाकघरात शिरली. साखर, लिंबाचा रस आणि पाणी आटवून वॅक्स करता येतं असं तिने कुठेतरी वाचलं होतं. पहिला घाणा दगडासारखा झाला. रमाबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "ही चिक्की झाली. पाक करायचा तर मला विचारायचं होतंस." दुसऱ्या वेळी त्या स्वतः शेगडीपाशी बसल्या आणि मधासारखा रंग येताच पातेलं उतरवलं. जुन्या धोतराच्या पट्ट्या कापल्या. पाक कोमट झाला, तशी नीला थबकली.

"कुणाला पोळलं तर?"

रमाबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि आपला हात पुढे केला. "कुणावर तरी बघायलाच लागतं ना? माझ्यावर बघ. पोळलं तर मी सांगेन."

नीला आईच्या हाताकडे बघत राहिली. गिरिधर साहेबांना द्यायचं उत्तर तिला तेव्हा सापडलं असावं. त्या दिवशी मायलेकींचे हात जरा लाल झाले, आणि रमाबाई दोनदा "हळू" म्हणाल्या. दोन्ही वेळा नीलाने हात थांबवला.

चार दिवसांनी तिने मला खणातून काढलं. ब्रशने घासून, उकळत्या पाण्यातून काढून, पुसून कोरडं केलं. प्राण्यांवर न तपासलेल्या साबणाची एकच कंपनी तिच्या पत्रव्यवहारातून उरली होती. तो साबण लावून तिने मला पायावर फिरवलं. सावकाश, जसं वामनरावांनी सांगितलं होतं तसं.

याला दहा वर्षं होऊन गेली. आता ती कुंभार पिंपळगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. शेजारच्या बायका पाकाची कृती विचारायला येतात. झुंबरबाई एकदा जालन्याच्या बसस्टँडवर भेटल्या. नीलाने त्या सशाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "इचारू नका, ताई," आणि पिशवीतून बोरं काढून तिच्या ओंजळीत ओतली.

माझे आटे झिजलेत. ब्लेड घट्ट बसत नाही, मान डुगडुगते. तिने नवा रेझर आणलाय, पण मला अजून टाकलेलं नाही. कधीतरी भंगारवाल्याकडे जाईनच. मला वितळवा, माझी कडी करा, किल्ली करा, वाटलं तर पुन्हा रेझर करा. फक्त एवढं बघा, ज्याला 'हळू' म्हणता येतं, त्याच्याच अंगावर मला फिरवा.