एका टिंबाचा निबंध

निबंध तीन हजार शब्दांत बसवायचा होता आणि तो तीन हजार एकशे नव्वदवर जाऊन बसला होता. कला शाखेच्या पदवी वर्गांसाठी कॉलेजने ठेवलेल्या या स्पर्धेत एक शब्द जास्त झाला तरी निबंध बाद. मुदत दुपारी चारची. अकरा वाजून गेले होते.

इतिहासाच्या शेवटच्या वर्षातली भाची कागद घेऊन आत्याकडे आली होती. आत्या वर्तमानपत्रात एकतीस वर्षे मुद्रितशोधक होती. निवृत्त झाली तरी खोड गेली नव्हती. दवाखान्याच्या पाटीवरची चुकलेली वेलांटीसुद्धा ती डॉक्टरांकडून दुरुस्त करून घेत असे.

निबंधाचा विषय होता वर्तमानपत्रांतली शुद्धिपत्रे. भाचीने वाचनालयात चार महिने जुन्या फायली चाळून दोनशे बारा शुद्धिपत्रे टिपली होती. वर्तमानपत्र कुणाची माफी मागते, यावरून त्या काळी कुणाला मान होता ते कळते, असे तिचे म्हणणे.

आत्याने सातव्या पानावरचा अख्खा परिच्छेद लाल पेनाने खोडला.

"एकशे नव्वद शब्द. बसला निबंध."

"आत्या, सगळा निबंध त्यावर उभा आहे!"

त्या परिच्छेदात एक जुना मथळा होता. 'दीडशे शिक्षक मंजूर' असे हवे होते. टिंब गळाले आणि 'दीडशे शिक्षक मजूर' छापले गेले. दुसऱ्या दिवशी शिक्षकांची माफी मागितली गेली. मजूर म्हटल्याने अपमान होतो, हे सर्वांनी गृहीत धरले. मजुरांची माफी कुणी मागितली नाही. भाचीच्या चार महिन्यांचे सार तेवढेच होते.

आत्याने पेनाला टोपण लावले.

"ते टिंब माझ्या हातून सुटलं होतं. नोकरीचं दुसरं वर्ष. शिक्षक जाब विचारायला आले, त्यात तुझे आजोबा होते. संपादकांना म्हणाले, हे तपासणाऱ्याला डोळे आहेत का? मी पलीकडच्या खोलीत होते."

"आजोबांना कधीच कळलं नाही?"

"नाही. रोज संध्याकाळी एका टेबलावर जेवायचो. जीभ रेटली नाही."

भाचीने कागद गोळा केले.

"राहू दे, आत्या. नाही घालत हा परिच्छेद. बक्षीस काय, पुन्हा कधीतरी मिळेल."

"थांब."

आत्या चष्मा पुसत बसली. मग पेन उघडून ती खोडलेल्या प्रत्येक ओळीखाली टिंबे देत गेली. खोडलेल्या मजकुराखाली टिंबे म्हणजे मजकूर राहू द्या, एवढे भाचीला लहानपणापासून ठाऊक होते.

"एक टिंब सुटलं होतं," आत्या म्हणाली, "हे घे, व्याजासकट. आता बाकीचं आण इकडे. 'वस्तुतः' अकरा वेळा? 'असे म्हणता येईल' नऊ वेळा! म्हणता येतंय तर म्हण ना, परवानगी कुणाची मागतेस?"

पावणेतीनला निबंध दोन हजार नऊशे अठ्ठ्याण्णववर आला. भाचीने दुरुस्त्या टाइप करून तो चाराला वीस मिनिटे कमी असताना कार्यालयात दिला.

पहिले बक्षीस मिळाले. समारंभात दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा भाची म्हणाली, "या निबंधातून जे एकशे ब्याण्णव शब्द गेले आणि जे एकशे नव्वद राहिले, त्या दोन्हींसाठी माझ्या आत्याचे आभार." सभागृहाला हिशेब कळला नाही. तिसऱ्या रांगेत बसलेली आत्या मात्र चष्मा पुसू लागली.

पुढे निबंध कॉलेजच्या वार्षिकात छापून आला. भाची अंक घेऊन आली ती रडवेली होऊन. छापखान्यात कुणा दक्ष माणसाला 'मजूर' खटकला होता आणि त्याने तो जिथे तिथे सुधारला होता. आत्याने मोठ्याने वाचले, "'दीडशे शिक्षक मंजूर' ऐवजी चुकून 'दीडशे शिक्षक मंजूर' असे छापले गेले."

"सगळी वाट लावली," भाची म्हणाली. "पुढच्या अंकात शुद्धिपत्र द्यायला लावते."

आत्या हसता हसता खुर्चीत मागे रेलली.

"बाकीचं दे. हा मथळा सोड. इतकी वर्षं मी त्या टिंबाची वाट बघत होते, बाई. ज्याने दिलं, त्याला माझा नमस्कार सांग."