अव्वाच्या रक्तातलं कॅल्शियम

विरूपाक्ष लातूरला बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवायचा. पुढच्या दोन खोल्यांत क्लास, मागच्या खोलीत त्याची आई जगदेवी. २००४च्या दिवाळीनंतर तिची कंबर दुखायला लागली. कुणाला न दाखवताच त्यानं तिला कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या.

महिनाभरात ती जेवेना, सारखं पाणी मागू लागली, भलतंच बोलू लागली. एका सकाळी भर बॅचमध्ये येऊन म्हणाली, "भिंत हलायलीय. पोरं बाहेर काढ रं." किल्लारीच्या भूकंपात तिची धाकटी बहीण भिंतीखाली दबून मेली होती, हे पोरांना काय ठाऊक? सगळी हसली.

दुसऱ्या दिवसापासून बॅच चालू असली की तो तिच्या खोलीला बाहेरून कडी घालू लागला. शेजाऱ्यांना म्हणायचा, वय झालंय. आठव्या दिवशी दार उघडलं तर ती ओल्या लुगड्यात जमिनीवर पडलेली.

दवाखान्यात रक्त तपासलं. "कॅल्शियम पंधराला टेकलंय, दहाच्या आसपास हवं. त्यानंच भ्रम होतोय," डॉक्टर म्हणाले. "हाडं झिजून रक्तात उतरतंय. हाडांतल्या मज्जेचा कॅन्सर दिसतोय. गोळ्या काही चालू होत्या?"

"कॅल्शियमच्या."

"कुणी दिल्या?"

"मीच."

"आपण काय करता?"

"क्लास घेतो," तो म्हणाला. कशाचे, ते त्याच्या तोंडून निघेना.

आधी दिवसभर सलाईन चढवलं, मग कॅल्शियम उतरवणाऱ्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची बाटली लावली. वीस मिनिटांत संपली. दुसऱ्या दिवशी ताप येऊन गेला. चौथ्या दिवशी तिनं त्याला ओळखलं.

"विरू, पोरांसमोर मी काही बोलले का रं? लाज वाटायलीय मला."

"तू न्हाई, अव्वा. मी तुला कोंडलं. बाहेरून कडी घालायचो."

"मला वाटायचं, भूकंपानं दार अडकलंय. तुलाच हाका मारायचे मी."

"ऐकू यायच्या."

"मग?"

"मी आवाज चढवून शिकवायचो."

तिनं आपला हात त्याच्या हातातून काढून पांघरुणात घेतला.

त्यानं क्लास दुसरीकडं हलवला. पुढं दोन वर्षं, दर महिन्याला, ती बाटली लावायला तो तिला नेत राहिला. रिक्षात ती त्याच्या खांद्याला धरून बसायची, भाजीपाल्याचं, शेजारपाजारचं बोलायची. त्या आठ दिवसांचा विषय तिनं कधी काढला नाही, आणि माफी मागायचं धाडस त्याला शेवटपर्यंत झालं नाही.