तीन मंगळवार, एकच तिकीट

भाच्याचं काम आत्याला कधी पटलंच नाही. निरोप कुलूपबंद करून पाठवणारे प्रोग्राम ज्यावर चालतात, तो किल्ल्या बनवणारा कोड तो लिहायचा. किल्ली म्हणजे सहाशे आकड्यांची अगडबंब संख्या. ती कुणाच्या बापालाही आधी ओळखता येऊ नये, एवढीच अट.

"म्हणजे दिवसभर मनाला येतील ते आकडे काढतोस," आत्या म्हणाली. "मग आमच्या हाऊजीचे काढ की!"

आत्या म्हाताऱ्यांच्या क्लबात दर मंगळवारी हाऊजी खेळवायची. आकड्यांच्या सोंगट्यांची पिशवी फाटली होती. भाच्याने आपलाच कोड वापरून अर्ध्या तासात प्रोग्राम लिहिला आणि आत्याच्या लॅपटॉपवर टाकून दिला.

पहिल्या मंगळवारी फुल हाऊस निवृत्त हेडबाईंना लागलं. दुसऱ्या मंगळवारीही त्यांनाच. तिसऱ्यांदा त्या बक्षिसाचे कप काखोटीला मारून निघाल्या, तेव्हा आत्याने भाच्याला फोन लावला. "ती बाई लबाडी करते. प्रत्येक वेळी तेच पुठ्ठ्याचं तिकीट धरून बसते!"

"आत्या, रँडम म्हणजे असंही होतं गं," भाचा मोठ्या समजुतीने म्हणाला. "नशिबाचा भाग आहे."

"नशीब गेलं खड्ड्यात. इकडे ये आणि वही बघ."

आत्याने पुकारलेले सगळे आकडे ओळीने लिहून ठेवले होते. सत्तेचाळीस, नऊ, त्र्याऐंशी, बारा... पुढच्या पानावर तेच. तिसऱ्या पानावरही तेच, शेवटच्या आकड्यापर्यंत.

भाच्याचं तोंड खर्रकन उतरलं. कोडने दर वेळी सुरुवातीला कॉम्प्युटरकडून नवा आकडा मागायचा आणि त्यावरून पुढचे काढायचे, अशी रीत. चाचण्यांची उत्तरं पडताळता यावीत म्हणून महिन्यापूर्वी त्याने तिथे एक ठरावीक आकडा ठोकून दिला होता. तो काढायचा राहूनच गेला होता. सुरुवात तीच, तर पुढचंही तेच! आणि शुक्रवारी हाच कोड जगभर जायचा होता. सगळ्यांच्या दाराला एकच किल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात तो साहेबीणबाईंसमोर उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"पण चाचण्या तर सगळ्या पास होत्या!" त्या म्हणाल्या.

"त्या ठोकलेल्या आकड्यामुळेच होत होत्या, मॅडम."

त्यांनी डोकं धरलं. शुक्रवारचा बेत रद्द झाला. "पकडलं कुणी हे? बाहेरच्या तपासनिसांनी?"

"नाही. आत्याने. हाऊजी खेळवताना."

"तपासनिसांनी तर चाळीस पानी अहवाल दिलाय," त्या पुटपुटल्या.

मंगळवारी आत्याने भाच्याला क्लबात उभं केलं आणि भर सभेत हेडबाईंची माफी मागायला लावली. "बाई, तुमच्यावर नाहक आळ आला. चूक माझ्या कोडची होती."

"ठाऊक आहे," हेडबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "दुसऱ्याच मंगळवारी लक्षात आलं होतं माझ्या."

आत्या ताडकन उठली. "मग बोलला का नाहीत?"

"पस्तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, बाई. आता रिटायर झालेय मी. आणि कप छान होते हो."